आपलीच चूक शोधणारा केप्लर

मुलांनो, विचार करताना माणसे चुकतात ती दर वेळी माहिती कमी पडली म्हणून चुकतात असे नाही. जे आवडते तेच खरे मानणे, जे दिसावे असे वाटते तेच दिसणे, एका गोष्टीनंतर दुसरी घडली की पहिलीला दोष देणे, अशा काही सवयी आपल्या सर्वांना असतात आणि बऱ्याच चुका त्यांच्यामुळे होतात. हुशार माणसेही त्यातून सुटत नाहीत. म्हणून या अंकात आम्ही एका फार हुशार माणसाचे चरित्र सांगणार आहोत. त्याने अशा पुष्कळ चुका केल्या, पण त्यांतल्या बऱ्याचशा त्याने स्वतःच शोधून काढल्या आणि लपवून न ठेवता लिहून ठेवल्या. त्याचे नाव योहान्स केप्लर.

अधू नजरेचा मुलगा

केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी जर्मनीतल्या वाइल डेर श्टाट या लहानशा गावी झाला. वडील भाडोत्री सैनिक होते. जिथे लढाई असेल तिथे ते जात, आणि एकदा गेले ते परत आलेच नाहीत. आई काथारीना ही एका सराईवाल्याची मुलगी. तिला झाडपाल्याच्या औषधांची चांगली माहिती होती. लहानपणी केप्लरला देवी आल्या. त्यातून तो वाचला, पण नजर कायमची अधू झाली. १५७७ साली आकाशात मोठा धूमकेतू दिसला, तेव्हा आईने सहा वर्षांच्या या मुलाला उंचावर नेऊन तो दाखवला.

पुढे ट्युबिंगेनच्या विद्यापीठात तो धर्मोपदेशक होण्यासाठी शिकत होता. तिथे मेस्टलिन नावाच्या शिक्षकाकडून त्याला कोपर्निकसचे मत कळले, की पृथ्वी आणि इतर ग्रह सूर्याभोवती फिरतात. ते त्याला मनापासून पटले. १५९४ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी गणिताचा शिक्षक झाला.

खरे ठरलेले भाकीत

ग्राझमध्ये शिकवण्याबरोबरच दरवर्षीचे पंचांग करण्याचे काम त्याच्याकडे आले. त्यात पुढच्या वर्षाची भाकितेही लिहावी लागत. १५९५ सालच्या पंचांगात त्याने लिहिले, की कडाक्याची थंडी पडेल आणि तुर्कांची स्वारी होईल. दोन्ही गोष्टी घडल्या आणि केप्लरचे नाव झाले.

आता जरा विचार करू या. आल्प्सच्या जवळच्या त्या मुलखात हिवाळा कडक असणे हे नवल नव्हते. तुर्कांशी युद्ध तर १५९३ पासून चालूच होते. शिवाय खरे ठरलेले भाकीत लोक वर्षानुवर्षे सांगत राहतात आणि खोटे ठरलेले आठवड्याभरात विसरतात. मग सगळीच भाकिते खरी ठरतात असे वाटू लागते. केप्लरने पुढे बाजारू भविष्यवाल्यांवर टीका केली. पण ग्रहांचा माणसावर काहीतरी परिणाम होतो हा विश्वास त्याने शेवटपर्यंत सोडला नाही, आणि पोटासाठी लोकांच्या पत्रिकाही मांडून दिल्या.

सुंदर पण चुकीची कल्पना

१९ जुलै १५९५ रोजी वर्गात आकृती काढताना त्याला एक कल्पना सुचली. तेव्हा पृथ्वी धरून सहाच ग्रह माहीत होते. सहाच का, हा प्रश्न त्याला छळत होता. भूमितीत असे सिद्ध झाले आहे, की सर्व बाजू तंतोतंत सारख्या असलेले भरीव आकार पाचच असू शकतात. खेळातला फासा हा त्यांतला एक. उरलेल्या चारांना चार, आठ, बारा आणि वीस बाजू असतात. सहा ग्रहांच्या मध्ये मोकळ्या जागा पाच, आणि आकारही पाच! देवाने हे आकार एकात एक बसवूनच ग्रहांची अंतरे ठरवली असणार असे त्याला वाटले. हिशेब केला तर अंतरे बऱ्यापैकी जुळलीसुद्धा. आनंदाने त्याने १५९६ साली त्यावर पुस्तक लिहून छापायला दिले.

कल्पना सुंदर होती, पण चुकीची होती. १७८१ साली युरेनस सापडला आणि १८४६ साली नेपच्यून. पाच आकारांमध्ये आठ ग्रह बसत नाहीत. दोन आकडे जुळले म्हणजे त्यामागे कारण असलेच पाहिजे असे नाही, आणि एखादी गोष्ट सुचल्यावर खूप आनंद झाला म्हणून ती खरी ठरत नाही.

मात्र केप्लरने इथेच एक गोष्ट बरोबर केली. अंतरे बऱ्यापैकी जुळतात, पण पूर्ण जुळत नाहीत, हे त्याला खुपत होते. अधिक अचूक आकडे मिळाले तर आपली कल्पना सिद्ध करता येईल असे त्याला वाटले. असे आकडे तेव्हा युरोपात एकाच माणसाजवळ होते.

आठ कला

तो माणूस म्हणजे डेन्मार्कचा सरदार टायको ब्राहे. दुर्बिणीचा शोध लागण्यापूर्वी, नुसत्या डोळ्यांनी पण प्रचंड मोठी उपकरणे वापरून, टायकोने वीस वर्षांहून अधिक काळ ग्रहताऱ्यांचे वेध घेतले होते. १६०० साली तो प्राग शहराजवळ राहत होता. केप्लर त्याच्याकडे गेला. त्याच वर्षी धर्माच्या कारणावरून केप्लरला ग्राझ कायमचे सोडावे लागले. १६०१ साली टायको वारला आणि सम्राट रुडॉल्फने केप्लरला आपला राजगणिती नेमले.

केप्लरकडे मंगळाचे काम आले होते. मंगळ कोणत्या मार्गाने फिरतो ते टायकोच्या वेधांवरून काढायचे. आठ दिवसांत हे काम उरकेल अशी त्याची अपेक्षा होती. लागली सुमारे पाच वर्षे.

दोन हजार वर्षे सर्व विद्वान असे धरून चालले होते, की आकाशातली गती वर्तुळातच असते. वर्तुळ हा परिपूर्ण आकार, मग आकाशात दुसरा आकार कसा असेल? कोपर्निकसही तसेच मानत होता, आणि सुरुवातीला केप्लरही. त्याने मंगळासाठी एक वर्तुळ घेतले आणि ते जुळेपर्यंत तोच लांबलचक हिशेब सत्तर वेळा केला. तेव्हा गणकयंत्र नव्हते. सगळे हाताने. शेवटी ठरावीक वेळच्या वेधांशी त्याचे उत्तर दोन कलांच्या आत जुळले.

कला म्हणजे काय? वर्तुळाचे ३६० अंश असतात आणि एका अंशाच्या ६० कला. म्हणजे पूर्ण वर्तुळाच्या २१,६०० कला. दोन कलांचा फरक म्हणजे काहीच नाही. दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. पण केप्लरने आपले उत्तर वेगळ्या प्रकारच्या वेधांशी ताडून पाहिले. तिथे फरक आला आठ कलांचा.

आठ कला म्हणजे किती? पौर्णिमेचा चंद्र आकाशात जेवढा रुंद दिसतो त्याच्या साधारण पाव भाग. एवढासा फरक वेध घेताना झाला असेल, असे म्हणून सोडून देणे अगदी सोपे होते. पण टायकोचे वेध इतके ढोबळ नव्हते हे केप्लरला ठाऊक होते. मग चूक वेधांची नसेल तर आपली असली पाहिजे. त्याने काही वर्षांची मेहनत बाजूला ठेवली आणि नव्याने सुरुवात केली.

आमच्यापैकी अनेक पालक सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आहेत. शंभर उदाहरणांना बरोबर उत्तर देणारा प्रोग्रॅम एकशे एकाव्याला चुकला, तर त्या एका उदाहरणाकडे आधी पाहायचे असते. जुळलेली शंभर उदाहरणे आपल्याला खूश करतात, पण शिकवते ते न जुळलेले एक.

वर्तुळ सोडल्यावरही बरोबर उत्तर लगेच हाती आले नाही. आधी त्याने अंड्यासारखा, एका बाजूला निमुळता होणारा आकार घेतला आणि त्यात बराच काळ घालवला. गंमत म्हणजे अंड्याचा हिशेब फार किचकट, म्हणून तो लंबवर्तुळाची मदत घेत होता. बरोबर आकार समोरच होता, पण तो त्याला हिशेबाची सोय समजत होता. १६०५ साली त्याला उलगडा झाला, की मंगळाची कक्षा लंबवर्तुळच आहे आणि सूर्य तिच्या मध्यावर नसून एका नाभीवर आहे. मंगळाची कक्षा कागदावर एक मीटर लांब काढली, तर तिची रुंदी लांबीपेक्षा सुमारे साडेचार मिलिमीटरनी कमी भरते. एवढ्याशा फरकातून दोन हजार वर्षांची समजूत बदलली.

हे सारे १६०९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. या पुस्तकात केप्लरने फक्त अंतिम उत्तर दिलेले नाही. आपण कुठे कुठे चुकलो आणि ते कसे कळले, हेही तपशीलवार लिहिले आहे.

डोळे बरोबर, नाव चूक

इतका सावध माणूस, तरी त्याच काळात तो एकदा चांगलाच फसला. १६०७ च्या मे महिन्यात बुध सूर्याच्या अगदी जवळून जाणार, असे त्याच्या गणितावरून दिसत होते. सूर्याकडे थेट पाहणे धोक्याचे असते. म्हणून त्याने अंधाऱ्या जागी बारीक भोकातून येणारा सूर्यप्रकाश कागदावर घेतला. सूर्याच्या प्रतिमेवर एक लहान काळा ठिपका दिसला. बुध सूर्यावरून जाताना आपण पाहिला अशी त्याची खात्री झाली. सोबतच्या माणसाची साक्षही त्याने घेतली आणि १६०९ साली ही बातमी छापली.

पण तो बुध नव्हता. लवकरच दुर्बिणी आल्या आणि सूर्यावर डाग असतात हे लोकांना कळले. केप्लरने पाहिला होता तो असाच एक डाग. ठिपका खरोखरच होता, तो बुध आहे हे मात्र केप्लरच्या मनाने ठरवले होते, कारण तो बुधाचीच वाट पाहत होता. काय दिसले आणि त्यावरून आपण काय ठरवले, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत की असे होते. साक्षीदारही इथे उपयोगी पडला नाही, कारण ठिपका होता एवढेच तो सांगू शकत होता. डागांची माहिती झाल्यावर केप्लरने आपली चूक छापून कबूल केली.

दारूचे पिंप

१६११ साली त्याची पहिली पत्नी वारली. पुढे तो लिंत्स शहरी गेला आणि १६१३ साली त्याने दुसरे लग्न केले. घरासाठी त्याने द्राक्षाच्या दारूची पिंपे विकत घेतली. व्यापाऱ्याने पिंपाच्या तोंडातून एक काठी तिरपी आत घातली, ती किती बुडाली ते पाहिले आणि लगेच किंमत सांगितली. कुठल्याही आकाराच्या पिंपाला तीच काठी! केप्लरला हे पटेना. लांबट पिंप आणि बुटके पिंप यांत काठी सारखीच बुडली, तरी आतली दारू कमीजास्त असू शकते.

व्यापारी लबाड आहे असे म्हणून तो मोकळा होऊ शकला असता. त्याऐवजी त्याने हिशेब मांडला. तेव्हा असे निघाले, की ऑस्ट्रियातल्या पिंपांची ठेवणच अशी आहे, की तिच्यात थोडा फरक पडला तरी काठीच्या मापात फारशी चूक येत नाही. व्यापाऱ्याची रीत पुरेशी बरोबर होती. यावर केप्लरने १६१५ साली एक पुस्तक लिहिले, आणि पुढे विकसित झालेल्या गणिताला त्याचा उपयोग झाला. एखादी रीत आपल्याला कळली नाही म्हणून ती खोटी असते असे नाही. शंका आली तर तपासून पाहावे, आणि समोरचा बरोबर निघाला तर तसे मान्य करावे.

आईवरचा आरोप

त्याच १६१५ साली केप्लरवर मोठे संकट आले. त्याची म्हातारी आई लेओनबर्ग गावी राहत होती. गावातल्या एका काचकाम करणाऱ्याच्या बायकोने आरोप केला, की काथारीनाने काही वर्षांपूर्वी आपल्याला कडू पेय पाजले आणि तेव्हापासून आपण आजारी आहोत. म्हणजे काथारीना चेटकीण आहे! त्या काळी जर्मनीत चेटकीण ठरवून हजारो बायकांना ठार मारण्यात आले. हा आरोप म्हणजे जिवाशी खेळ होता.

एकाने म्हटल्यावर बाकीच्यांनाही आठवू लागले. गावचा शाळामास्तर लंगडा झाला होता. त्याला आठवले, की आपणही तिच्याकडे एकदा काही प्यालो होतो. विटा वाहून नेणाऱ्या एका मुलीचा हात दुखू लागला. तिने सांगितले, की म्हातारीने रस्त्यात आपल्याला स्पर्श केला. ऑगस्ट १६२० मध्ये सत्तरी ओलांडलेल्या काथारीनाला अटक झाली आणि बेड्या घालून ठेवले गेले.

केप्लर आपले काम सोडून लिंत्सहून तिकडे गेला. जवळजवळ वर्षभर तो आईच्या बचावासाठी झटला. त्या काळातल्या बहुतेकांप्रमाणे त्यालाही जगात चेटूक नसतेच असे म्हणता आले नाही. त्याने एकेक आरोप घेतला आणि त्याचे साधे कारण शोधले. आजारी बाई आधीपासूनच आजारी होती आणि तिच्यावर कडक औषधांचे प्रयोग झाले होते. मास्तर ओझे घेऊन खंदकावरून उडी मारताना पडला होता, म्हणून लंगडत होता. जड विटा वाहिल्यावर हात बधिर होणारच. आरोप होण्यापूर्वी यांतल्या कोणी कधी तक्रार केली होती का, हेही त्याने तपासले. अफवा उठल्यावर जुन्या आठवणींना नवा अर्थ आला होता.

एका गोष्टीनंतर दुसरी घडली म्हणून पहिलीमुळेच दुसरी घडली, ही चूक आपण रोज करतो. मांजर आडवे गेले आणि काम झाले नाही, हा त्यातलाच प्रकार. बहुतेक वेळा त्यात कोणाचे फारसे नुकसान होत नाही. लेओनबर्गमध्ये मात्र त्यापायी एका म्हातारीचा जीव जाणार होता.

सप्टेंबर १६२१ मध्ये तिला छळाची हत्यारे दाखवून घाबरवण्यात आले. ती डगमगली नाही. न केलेला गुन्हा तिने कबूल केला नाही. चौदा महिन्यांच्या कैदेनंतर ऑक्टोबरमध्ये ती सुटली. पुढच्या एप्रिलमध्ये तिचे निधन झाले. ज्या आईने धूमकेतू दाखवला तिला वाचवताना केप्लरला मंगळावर मिळवलेली शिस्तच उपयोगी पडली. सगळे एकच गोष्ट म्हणत असले तरी एकेक पुरावा वेगळा काढायचा आणि त्याचे दुसरे कारण असू शकते का ते पाहायचे.

शेवटची वर्षे

या धामधुमीतच, १६१८ साली, त्याला ग्रहाचे सूर्यापासूनचे अंतर आणि त्याला एका फेरीला लागणारा वेळ यांचा नियम सापडला. पुढे न्यूटनला तो फार उपयोगी पडला. १६२१ साली त्याने आपले पंचवीस वर्षांपूर्वीचे पहिले पुस्तक पुन्हा छापले. जुना मजकूर गुपचूप सुधारण्याऐवजी तो तसाच ठेवून त्याने जागोजागी टिपा दिल्या आणि आपण कुठे चुकलो होतो ते दाखवले. तरी पाच आकारांची कल्पना मात्र त्याने सोडली नाही. ती त्याची पहिली आणि लाडकी कल्पना होती. दुसऱ्याच्या समजुती तपासणे सोपे, आपल्या तपासणे कठीण, आणि लाडक्या समजुती तपासणे सर्वांत कठीण, हे केप्लरसारख्यालाही चुकले नाही.

१६२७ साली त्याने टायकोच्या वेधांवर आधारलेली ग्रहांची कोष्टके छापली. त्यांवरून त्याने १६२९ साली जाहीर केले, की ७ नोव्हेंबर १६३१ रोजी बुध सूर्यावरून जाताना दिसेल. ते पाहायला तो राहिला नाही. १५ नोव्हेंबर १६३० रोजी रेगेन्सबर्ग येथे, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला होता. साल लक्षात ठेवायला हे सोयीचे आहे. पण दोन गोष्टी एका वर्षी घडल्या म्हणून त्यांचा एकमेकींशी संबंध जोडायचा नाही, हे आतापर्यंत तुमच्या लक्षात आले असेलच.

ठरलेल्या दिवशी पॅरिसमध्ये गासेंदी नावाच्या शास्त्रज्ञाने दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा कागदावर घेतली. एक ठिपका दिसला, पण तो अपेक्षेपेक्षा फारच लहान होता. हा सूर्यावरचा डाग असेल असे त्याला वाटले. केप्लरने डागाला बुध समजले होते, आता बुधाला डाग समजले जात होते! पण गासेंदीने ठिपक्याची जागा पुन्हा पुन्हा मोजली. ठिपका डागापेक्षा कितीतरी वेगाने सरकत होता. तो बुधच होता. माणसाने बुधाचे अधिक्रमण ओळखून पाहिले ते पहिल्यांदाच, आणि तेही केप्लरने सांगितलेल्या दिवशी.

करून पाहा

मुलांनो, एक वही घ्या. दोन आठवडे रोज सकाळी, बातम्यांतला हवामानाचा अंदाज न ऐकता, आज पाऊस पडेल की नाही याचा तुमचा अंदाज लिहा. लिहायचे पेनने आणि आधी. संध्याकाळी समोर बरोबर किंवा चूक अशी खूण करा. खाडाखोड करायची नाही आणि चुकलेला दिवस गाळायचा नाही. दोन आठवड्यांनी मोजण्यापूर्वी, आपले किती अंदाज बरोबर आले असे वाटते तो आकडा लिहा आणि मग खुणा मोजा. दोन आकड्यांत किती फरक पडतो ते पाहा. पालकांनीही आपली वेगळी वही ठेवावी. सर्वांच्या वह्या वर्गात आणू आणि एकत्र बसून पाहू.